सरांनंतर संस्था मी सांभाळावी का?

नागपूरच्या एका ताईंचं पत्र आहे. मुलांच्या हक्कांवर काम करणाऱ्या संस्थेत त्या १४ वर्षांपासून आहेत, सध्या कार्यक्रम समन्वयक. सहा वस्त्यांमध्ये संध्याकाळच्या अभ्यासिका, २० मुलींचं निवारागृह आणि रेल्वे स्टेशनवर सापडलेल्या मुलांना बाल कल्याण समितीपर्यंत, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या कायदेशीर समितीपर्यंत, नेण्याचं काम. पगारी माणसं १७. संस्थापक अध्यक्षांना सगळे ‘सर’ म्हणतात. वय ७२, नुकतीच बायपास झालेली. ते ताईंना म्हणाले, ‘पुढच्या एक तारखेपासून कार्यकारी संचालक तू. मी मार्गदर्शक म्हणून आहेच.’ पगार ३२ हजारांवरून ३८ होणार. सात जणांच्या कार्यकारी मंडळातले एक सदस्य २०१९ मध्ये वारले, एक पुण्याला राहायला गेले आणि तोंडी राजीनामा देऊन मोकळे झाले, कोषाध्यक्ष सरांचे मेहुणे. बैठकीचं इतिवृत्त आधी लिहिलं जातं आणि मग सह्यांसाठी घरोघरी फिरतं. ऑफिस सरांच्या पत्नीच्या नावावरच्या घरात आहे, करार नाही. एक परदेशी देणगीदार आहे. ताई विचारतात, ‘सरांच्या एका फोनवर ठाणेदार स्वतः येतात. माझ्या फोनवर कोण येणार? हे मला झेपेल का, आणि हो म्हणण्याआधी काय काय बघून घेऊ?’ पत्राच्या अगदी तळाशी एक ओळ आहे: एका अभ्यासिकेतल्या दोन मुलींनी सांगितलं की शिकवायला येणारे एक जुने स्वयंसेवक ‘जवळ बसवतात, हात लावतात, आम्हाला नाही आवडत’. सर म्हणाले, माणूस चांगला आहे, आपण आपसात बघू.

ताई, आधी ती तळाची ओळ. पदाचं उत्तर दोन-तीन महिने थांबू शकतं. ही गोष्ट आजच्या पुढे जाऊ देऊ नका.

पोक्सो कायद्याचं, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२ याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं आहे. हे न केल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिला, तर त्याच्यासाठी शिक्षा वेगळी आणि जास्त आहे: एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे आज तुम्ही समन्वयक म्हणून बांधलेल्या आहात, उद्या संचालक झालात तर आणखी घट्ट. सरही आजच बांधलेले आहेत. ‘हात लावतात’ हा गुन्हा ठरतो की नाही, हे ठरवण्याचं काम तुमचं नाही, सरांचं नाही, कार्यकारी मंडळाचंही नाही. ते पोलीस आणि न्यायालयाचं. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं कलम १९ मध्येच लिहिलेलं आहे. सर घाबरले असतील तर ते वाक्य त्यांना वाचून दाखवा.

प्रत्यक्षात काय करायचं, तेही क्रमाने सांगतो. त्या स्वयंसेवकाला आजपासून कुठल्याही अभ्यासिकेत यायचं नाही असं कळवा. कारणाची चर्चा त्यांच्याशी करू नका, मुलींची नावं तर अजिबात घेऊ नका. मुलींनी ज्या ताईला सांगितलं, तिच्याकडून मुलींचे शब्द जसेच्या तसे कागदावर घ्या, तारीख, वेळ आणि जागेसह. मुलींना पुन्हा बोलावून विचारू नका. प्रत्येक नव्या विचारण्याने मूल घाबरतं, शब्द बदलतात, आणि पुढे उलटतपासणीत बचावाचा वकील नेमकं तेच पकडतो. मुलींच्या आईवडिलांना घरी जाऊन, दोघींच्या घरच्यांना वेगवेगळं भेटून सांगा. मग लेखी माहिती घेऊन ठाण्यात जा, पोच घ्या, आणि तिची प्रत बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्या. पोलिसांनीही २४ तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं, पण तुमची स्वतंत्र प्रत असली की कागद अडून राहत नाही. रात्र झाली असेल, काही सुचत नसेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. ते मदत करतील, मात्र तेवढ्याने ठाण्याला कळवण्याची जबाबदारी संपत नाही. मुलींचा जबाब घरी किंवा त्या म्हणतील तिथे घेता येतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. आई किंवा विश्वासाचं माणूस सोबत बसू शकतं. शहर पोलिसांच्या भरोसा सेलची, म्हणजे महिला आणि मुलांसाठीच्या मदत कक्षाचीही मदत मागता येईल. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो.

आणि जे हमखास केलं जातं पण करायचं नाही, तेही ऐका. मुलींना आणि त्या गृहस्थांना समोरासमोर बसवणं, त्यांच्याकडून माफीनामा लिहून घेणं, मुलींची अभ्यासिका बदलणं, स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विषय काढणं, जुने मेसेज पुसणं. माफीनामा घेतलात तर ‘संस्थेला माहीत होतं आणि कळवलं नाही’ याचा लेखी पुरावा तुम्हीच तयार केलेला असेल. मुलींची जागा बदलली तर वस्तीतल्या बाकीच्या मुली एवढंच शिकतील की बोललं की आपल्यालाच हलवतात. बदनामीची भीती खरी आहे, आम्ही ती हलक्यात घेत नाही. पण वस्तीतले लोक तक्रार झाली म्हणून संस्था सोडत नाहीत. दाबलेली गोष्ट दोन वर्षांनी बाहेर आली की मात्र दार कायमचं बंद करतात.

हे इतक्या विस्ताराने लिहायचं कारण असं की तुम्ही विचारलेल्या ‘झेपेल का’ या प्रश्नाची परीक्षा इथेच आहे. बालहक्काच्या संस्थेचं नेतृत्व भाषणात किंवा अनुदानाच्या आकड्यात कळत नाही. आपल्याच माणसाबद्दल मूल काही बोललं, त्या दिवशी प्रमुख काय करतो, यावर ते कळतं. ही तक्रार नेताना सर तुमच्या सोबत उभे राहतात की आडवे येतात, हे पाहिल्यावर पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला आपोआप मिळतील.

आता पद. आमचं मत: घ्या, पण एक तारखेला नाही. तीन महिने मागून घ्या आणि त्या काळात पुढची कामं तडीस न्या. सरांची तब्येत बघता त्यांना घाई असणारच, म्हणून मधल्या काळासाठी ‘प्रभारी’ असा मंडळाचा लेखी ठराव मागा, मुदतीसह.

पहिलं काम धर्मादाय कार्यालयातलं. महाराष्ट्रात अशी संस्था बहुधा दोन कायद्यांखाली असते: संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५०. नागपूरच्या धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा, म्हणजे पीटीआरचा (विश्वस्तसंस्थांच्या सरकारी नोंदवहीचा), साक्षांकित उतारा काढा. त्यावर ज्यांची नावं आहेत तेच आज कायद्याच्या नजरेत तुमचं मंडळ. पत्रावरून अंदाज असा की वारलेल्या सदस्यांचं नाव अजून तिथे असेल, पुण्याला गेलेल्यांचंही. मंडळात बदल झाला की कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो, द्यावा लागतो. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो, त्यासाठी खर्च भरावा लागू शकतो. काम होतं, पण वेळ खातं.

इथे गाडी कुठे अडते तेही सांगतो. बदल तारखेच्या क्रमाने नोंदवावे लागतात. २०१९ चा मृत्यू नोंदवलेला नसताना या वर्षीची निवड नोंदवायला गेलात तर आधीची कडी कुठे आहे हे विचारतात, आणि कुणी नाराज सदस्याने हरकत घेतली तर प्रकरण वर्षानुवर्षं चालू शकतं. म्हणून एका कागदावर संस्थेच्या घटनेतली मंडळाची मुदत, कोरम (बैठकीला लागणारी किमान हजेरी) आणि बैठकीच्या नोटिशीचे दिवस लिहा. दुसऱ्यावर शेवटच्या मंजूर बदलापासून आजवर मंडळात झालेला प्रत्येक बदल तारखेने मांडा. मृत्यूसाठी मृत्यू दाखला. पुण्याच्या सदस्यांकडून आता लेखी राजीनामा घ्या आणि तो बैठकीत स्वीकारल्याचा ठराव करा. मागची तारीख टाकून राजीनामा बनवू नका, कुणी कितीही सुचवलं तरी. नव्या निवडीसाठी विषयपत्रिकेसह नोटीस, ती मिळाल्याची पोच, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, नव्या सदस्यांची लेखी संमती आणि प्रतिज्ञापत्र. मंडळाची मुदतच संपलेली असेल तर निवडणूक कोणी घ्यायची हा गुंता होतो, तिथे धर्मादायचं काम करणारा वकील लागेलच. तो खर्च संस्थेने करायचा, तुम्ही नाही.

सह्यांसाठी घरोघरी फिरणारं इतिवृत्त आता थांबवा. न झालेल्या बैठकीचा ठराव म्हणजे तुमच्या नेमणुकीच्या पायालाच भेग. नेमणूक ज्या बैठकीत होईल ती खरोखर व्हावी, कोरमसह, आणि तुमच्या विषयावर तुम्ही खोलीबाहेर असाव्यात.

मंडळात नवी माणसं घेताना पाच-सहा चांगली नावं गोळा करून चालत नाही, कामं बघून माणसं घ्या. तुम्हाला एक सीए लागेल जो संस्थेचा ऑडिटर नसेल, बालकांच्या खटल्यांचा अनुभव असलेली एक वकील, एखादे बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक, आणि वस्तीतून आलेली, कधीकाळी तुमच्याच अभ्यासिकेत बसलेली एखादी तरुण व्यक्ती. ही शेवटची जागा बहुतेक संस्था रिकामी ठेवतात आणि म्हणूनच ती आधी भरा असं आम्ही सांगू. नागपुरात मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था आहे, तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आहे, तिथले निवृत्त प्राध्यापक हा चांगला स्रोत. कोषाध्यक्ष मेहुणे आहेत म्हणून ते अप्रामाणिक ठरत नाहीत. पण अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष एकाच घरातले आणि चेकवर सह्या त्याच दोघांच्या, हे कुठलाही विचारी देणगीदार पहिल्या भेटीत विचारेल. त्यांना सदस्य राहू द्या, कोषाध्यक्षपद दुसऱ्याकडे जाऊ द्या. आणि तुम्ही स्वतः मंडळात सदस्य होऊ नका. पगारी संचालक बैठकीला हजर असावा, अहवाल मांडावा, मत देऊ नये. स्वतःच्या पगारावर स्वतः सही करण्याची वेळच येऊ नये.

नेमणूकपत्राशिवाय एकही दिवस बसू नका. त्यात पदनाम आणि पगार एवढंच असेल तर ते परत द्या. कोणाला नेमायचं आणि कोणाला काढायचं याचा अधिकार, किती रकमेपर्यंतचा खर्च मंडळाला न विचारता, बँकेत सही कोणासोबत, सरकारशी आणि पत्रकारांशी कोण बोलेल, वर्षातून एकदा तुमच्या कामाचं मूल्यमापन कोण करेल, आणि दोन्ही बाजूंनी किती दिवसांची नोटीस, हे सगळं हवं. तुमच्या आकाराच्या संस्थेत मंजूर अंदाजपत्रकातल्या बाबींवर एका वेळी २५ ते ५० हजारांपर्यंतचा अधिकार संचालकाकडे असावा. त्याखाली ठेवलं तर गॅस सिलिंडरसाठीही फोन करत बसाल. पगाराबद्दल: ६ हजार वाढवून १७ माणसं, २० मुली आणि कायद्याची शिक्षा अंगावर घेणं, हा सौदा बरोबर नाही. ही जागा बाहेरच्या माणसाने भरायची ठरवली असती तर जाहिरातीत काय आकडा टाकला असता, तो मंडळाला विचारा आणि तोच मागा. ‘सेवेचं काम आहे’ हे उत्तर आलं तर शांतपणे सांगा की कमी पगाराचा संचालक दोन वर्षांत जातो आणि मुलांना पुन्हा नवा चेहरा बघावा लागतो.

सरांचं ‘मार्गदर्शक’ पद. ताई, हा सगळ्यात नाजूक भाग, आणि इथे बहुतेक संस्था मनात कितीही माया असली तरी फसतात. माणूस वाईट असतो म्हणून हे होत नाही. वीस-पंचवीस वर्षं सगळे ज्याच्याकडे जात होते, त्याच्याकडेच जात राहतात. तुम्ही वॉर्डनची रजा नाकारली, तिने सरांना फोन केला, सर म्हणाले ‘दे ना’, झालं. अशा तीन फोनांनंतर संचालक नावापुरता उरतो. म्हणून मार्गदर्शकाचं कामही लेखी हवं, मुदतीसह: एक वर्ष, पुढे मंडळाने ठरवायचं. आठवड्यात एक ठरलेली वेळ, तीही तुमच्याशी. बँकेतली सही काढलेली. स्टाफच्या कामाच्या ग्रुपमधून बाहेर. आणि सरांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगावं की कामाचं विचारायचं ते ताईंना. ही गोष्ट त्यांच्याकडे कशी काढायची? ऑफिसात नको, घरी जा, काकू असताना. म्हणा, ‘सर, तुमचं नाव आणि तुमचं काम टिकावं म्हणूनच मला हे कागदावर हवं आहे. तोंडी ठेवलं तर उद्या माझ्या जागी दुसरं कुणी आलं की काहीच उरणार नाही.’ हे त्यांना गोड वाटावं म्हणून नाही, अक्षरशः खरं आहे म्हणून सांगायचं. त्यांच्याकडून जे खरंच घ्यायला हवं तेही मागा: जुने देणगीदार, अधिकारी, स्टेशनवरचे रेल्वे सुरक्षा दलाचे लोक, वस्त्यांमधली जुनी माणसं, अशी ३०-४० नावांची यादी, आणि पहिल्या सहा आठवड्यांत त्यातल्या निम्म्यांकडे सरांसोबत जाऊन प्रत्यक्ष ओळख. बायपासनंतर दिवसाला एकच भेट ठेवा, उन्हाळा असेल तर सकाळी दहाच्या आत.

ठाणेदार तुमच्या फोनवर येतील का, याचं उत्तर: सुरुवातीला येणार नाहीत. आणि काही हरकत नाही. ठाणेदार बदलतात, जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी बदलतात, समितीचे सदस्यही मुदत संपली की बदलतात. सरांची ओळखही प्रत्येक बदलीनंतर नव्याने बांधलेली होती. तुम्ही फोनच्या जागी पत्र आणा. प्रत्येक मुलाच्या बाबतीत जावक क्रमांक टाकलेलं पत्र, पोच, आणि सात दिवसांनी स्मरणपत्र. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीसमोर न्यायचं असतं, तेव्हा वेळ लिहिलेला कागद हाच तुमचा सगळ्यात मोठा आधार. मुलांच्या मागण्या मांडायला नागपूरकरांना एक सोय आहे, हिवाळी अधिवेशन. पण डिसेंबरात आमदार निवासावर निवेदनं घेऊन फिरण्यात फारसा अर्थ नसतो. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी, दिवाळीच्या सुमारास, आपल्या भागातल्या दोन-तीन आमदारांना एक पानाची माहिती द्या: किती मुलं, कुठल्या वस्त्या, कुठली योजना अडली, कोणत्या आदेशामुळे. तारांकित प्रश्नात आलेल्या बाबीवर सरकारला उत्तर द्यावं लागतं. मुलांना मात्र मोर्चाच्या पहिल्या रांगेत उभं करू नका, फोटोसाठी तर नाहीच.

फोटोवरून आठवलं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, चित्र, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संस्थेचं फेसबुक पान, वार्षिक अहवाल, भिंतीवरचे बॅनर, देणगीदाराला पाठवलेले फोटो, सगळं एकदा बसून तपासा. निवारागृहातल्या मुलींच्या हाती ब्लँकेट देतानाचे फोटो पहिल्याच दिवशी काढून टाका.

निवारागृहाची नोंदणी याच कायद्याच्या कलम ४१ खाली आहे का, आणि पाच वर्षांची मुदत कधी संपते, ते मूळ प्रमाणपत्र हातात घेऊन बघा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. नोंदणीविना चालवणाऱ्याला कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाखाचा दंड किंवा दोन्ही, आणि अर्जाला होणाऱ्या उशिराचे दर ३० दिवस हा वेगळा गुन्हा. तपासणी समितीच्या भेटींचे अहवाल मागवा. त्यात लिहिलेल्या त्रुटींपैकी किती दूर झाल्या ते मुलींच्या खोल्यांमध्ये, बाथरूमच्या कडीपर्यंत, स्वतः बघा.

आणि तळाच्या ओळीसारखी वेळ पुन्हा येईल तेव्हा रस्ता आधीच आखलेला हवा. २०२० च्या पोक्सो नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना प्रत्येकाची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करणं बंधनकारक केलं आहे आणि बालसंरक्षण धोरणाचीही अपेक्षा ठेवली आहे. धोरण चाळीस पानांचं नको. कुणी वाचत नाही. चार पानांचं मराठीत करा, एक पान मुलांसाठी सोप्या भाषेत, आणि ते प्रत्येक अभ्यासिकेत लावा. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत नाही. मुलांशी खाजगी मेसेज नाहीत. घरी पोचवायला जाताना दोन जण. तक्रार कोणाकडे: एक बाई, एक पुरुष, दोघांची नावं आणि नंबर लिहून. तक्रार संचालकाविरुद्ध असेल तर मंडळातल्या कोणाकडे, तेही नावानिशी, आणि ती व्यक्ती सरांच्या घरातली नसावी. स्वयंसेवकांना यातून सूट देऊ नका. गडबड बहुधा तिथेच असते, कारण पगार नाही म्हणून कुणी कागद मागत नाही आणि उपकाराच्या भावनेने कुणी प्रश्न विचारत नाही. तुमच्याकडे दहाच्या वर कर्मचारी आहेत, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची अंतर्गत समितीही हवी, बाहेरच्या एका सदस्यासह.

पैशाचं थोडक्यात, कारण यात तुम्हाला सीए मदत करेल. तीन वर्षांचे ऑडिट अहवाल मागा. ते धर्मादाय कार्यालयात वेळेत गेलेत का बघा: वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर सहा महिन्यांत. मग बारा महिन्यांचा एक तक्ता करा: कुठला पैसा कधी येणार, पगार-भाडं-जेवण कधी जाणार. बांधील पैसा, म्हणजे ठराविक प्रकल्पासाठीच आलेला, आणि मोकळा पैसा वेगळ्या रंगात लिहा. बँकेत १८ लाख दिसतात आणि त्यातले १६ बांधील असतात, हे न कळल्याने नवे संचालक पहिल्या वर्षात पगार थकवतात. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा, हप्ता बहुतेकदा उशिरा येतो, म्हणून महिन्याला साडेचार लाख लागत असतील तर निदान तीन महिन्यांचे, म्हणजे साडेतेरा लाख मोकळे असल्याशिवाय नवी अभ्यासिका उघडू नका. परदेशी देणगीदार आहे म्हणजे एफसीआरए, परदेशी देणग्यांचा कायदा, आलाच: प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, तो पैसा दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही, वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत, आणि पदाधिकारी बदलले की ४५ दिवसांत ऑनलाइन कळवणं. हे शेवटचं मंडळबदलाच्या गडबडीत हमखास राहतं, त्या तारखेची नोंद आजच करा. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू, संस्थेच्या आणि देणगीदारांच्या करसवलतीच्या जुन्या कलमांचे १२एबी आणि ८०जी हे आकडे आता बदलले. संस्थेची नोंदणी कोणत्या तारखेला संपते ते सीएकडून लेखी घ्या. ऑफिसच्या घराचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत करून घ्या, बाजारभावाच्या आतल्या भाड्याने, निदान तीन वर्षांचा. काकूंशी संबंध चांगले आहेत तोवरच हे सहज होतं. भाडं बाजाराहून जास्त गेलं तर संस्थेची करसवलत धोक्यात येते, कारण काकू विश्वस्ताच्या घरातल्या आहेत.

स्टाफपैकी दोघं-तिघं तुमच्याहून जुने असतील. घोषणेआधी एकेकट्याला भेटा, बैठकीत कळू देऊ नका. ‘तुम्हाला काय हवं’ हा प्रश्न विचारा आणि देता येणार नाही ते त्याच भेटीत सांगा. पहिल्या तीन महिन्यांत कुणालाही काढू नका आणि कुणाला नव्याने नेमूही नका. मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर हा नियम लागू नाही.

पद कधी नाकारायचं? सर किंवा मंडळ पोलिसांकडे जायला आडवे आले तर. परिशिष्ट १ चा उतारा दाखवायलाच नकार मिळाला तर. बँकेतली सही आणि माणसं नेमण्याचा अधिकार द्यायचा नाही, नाव मात्र तुमचं लावायचं, असं ठरलं तर. यातली एकही गोष्ट झाली तर लेखी नकार द्या, कारण एका ओळीत लिहा आणि प्रत स्वतःकडे ठेवा. समन्वयक म्हणून राहायचं की नाही हा मग वेगळा विचार. १४ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीसाठी बाल कल्याण समितीच्या सदस्यत्वाचा मार्गही आहे, पण २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्ह्यातल्या बालगृहाच्या व्यवस्थापनात असलेल्याला तिथे बसता येत नाही. तुमच्या संस्थेचं निवारागृह असल्याने एका वेळी दोन्ही जमणार नाही.

हो म्हणायचं ठरलं तर घोषणेच्या दिवशी तुमच्या हातात चार कागद असू द्या: खऱ्या बैठकीतला ठराव, अधिकारांसह नेमणूकपत्र, बदल अर्ज दाखल केल्याची पोच आणि बँकेने सहीबदल नोंदवल्याचं पत्र. बँक बहुधा मंजूर नोंदीचा उतारा मागते, त्यामुळे चौथा कागद उशिरा येईल. तोवर जुन्या सह्यांनी कोणते खर्च चालतील, त्याची यादी त्याच ठरावात घालून घ्या.